कोहमाऱ्याच्या फळ्यावरचा समुद्र

मामाजी, तुमच्या हातची शेवटची ओळ काल मी पुसली. ढाब्यावर चहा पीत बसलेल्या दहाबारा माणसांसमोर, ओलं फडकं घेऊन. तुमचे चिरंजीव, म्हणजे आमचे हे, तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. सकाळी कणीक भिजवायला पाणी मागितलं तर गडवा समोर आणून ठेवला आणि निघून गेले. त्यांचंही खरं आहे. बापाच्या हातचं अक्षर कुणाला पुसावंसं वाटेल? पण नियम तुमचाच होता, आणि तुम्ही असतात तर तुम्हीच फडकं माझ्या हातात दिलं असतं. तरीही तुमच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून दुपारची गर्दी ओसरल्यावर ही वही घेऊन बसले आहे.

तेराव्या दिवशी, तेरवीला, तुमच्याबद्दल बरंच बोलणं झालं. कुणी तुमच्या डाळीचं कौतुक केलं, कुणी तुमच्या तोंडाळपणाचं. पाहुण्यांपैकी एकाने फळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ये समुद्राकडचा अंदाज, ये क्या है?" सगळे हसले. नवीन माणूस हसतोच. मीही हसले होते.

लग्न होऊन आले तेव्हाची गोष्ट. मी मुर्रीची, गोंदिया शहराला लागून वाढलेली, बी.ए.ला भूगोल घेतलेला, त्यामुळे अंगात थोडी शहाणीव होतीच. कोहमाऱ्याच्या चौकात आपला ढाबा, छपरीखाली तो काळा फळा, आणि वर पांढऱ्या रंगात पक्कं लिहिलेलं: समुद्राकडचा अंदाज. इथून समुद्र ट्रकने दोन दिवसांच्या वाटेवर. मला वाटलं, घरात कुणाच्या तरी डोक्यावर परिणाम झाला आहे आणि आमच्या लोकांनी नीट चौकशी केली नाही.

मग तुमची सकाळ पाहिली. होळी झाली की तुम्ही सुरू व्हायचात ते मिरग लागेपर्यंत. आधी ओडिशाच्या किनारपट्टीचा अंदाज ऐकायचा, पूर्वी रेडिओवर, नंतर माझ्या मोबाइलवर. मग रस्त्याकडे तोंड करून बसायचं. नागपूरकडून आलेल्या गाडीशी तुमचं काही काम नसे. रायपूरकडून, म्हणजे पार समुद्रापासून निघालेली गाडी थांबली की तुम्ही उठायचात. ड्रायव्हरला पाणी द्यायचात आणि म्हणायचात, "उस्ताद, नमक का डब्बा दिखाना जरा."

"क्यों चाचा, दाल में कम है क्या?"

"दाल बराबर है. तेरा नमक देखना है."

ड्रायव्हर लोक रस्त्यात स्वतः रांधतात, त्यामुळे प्रत्येक गाडीत मिठाचा डबा असतोच. तुम्ही त्यात दोन बोटं घालायचात. मीठ सुटं असलं तर तिकडची हवा कोरडी. गोळा झालेलं, बोटाला चिकटणारं असलं तर समुद्राकडून ओल चालून येऊन राहिली. मग गाडीमागे जाऊन ताडपत्रीच्या घडीत हात घालायचा. वरून ताडपत्री उन्हाने वाळते, पण घडीत पाणी राहतं; घडी ओली म्हणजे वाटेत, एखाद्या दिवसापूर्वी, पाऊस लागलेला. एवढं झालं की खडू घ्यायचा.

मी तेव्हा म्हटलं होतं, "मामाजी, चैत्रातले ढग तर बरेचदा नागपूरकडून येतात. तुम्ही रायपूरकडे काय पाहता?"

तुम्ही खडू झटकत म्हणालात, "ढग कोनीकडूनही येवो बाई, त्याच्या पोटातलं पानी तिकडचंच हाय. गाडी कुठूनही येवो, डिझल कुठं भरलं ते पाहा."

मी तोंड वाकडं केलं. पुढच्याच महिन्यात माहेरी गेले तेव्हा जुनं पुस्तक काढून पाहिलं, आणि तुमचं बरोबर होतं. बंगालच्या उपसागरावरून दमट वारा आत येतो आणि आपल्याकडचे उन्हाळी वादळी ढग त्यावरच फुगतात. हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. नऊ वर्षं झाली. सांगायला काय जात होतं माझं?

ज्याला हे सगळं येडेपण वाटत असेल त्याने आमच्याकडचा उन्हाळा पाहिलेला नाही. पावसाळ्यात पावसाचं कौतुक असतं. पण होळी ते मिरग या दिवसांत सगळ्या गावाचं पोट उघड्यावर वाळत पडलेलं असतं. आधी मोहफूल, मग विडीच्या तेंदूपत्त्याचे पुडे, मग कापून शेतातल्या बांधीत पसरलेला उन्हाळी धान. अर्ध्या तासाचा पाऊस यातलं काहीही काळं करू शकतो. म्हणून लोक सायकलवरून जाताजाता मान वळवून फळा वाचायचे, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं ते चहा पीत बसलेल्यांना विचारायचे, "काय म्हणते समुद्र?"

आपलं भांडण होतं ते तुमच्या भाषेवरून. तुम्ही लिहायचात: "दोन दिवस बहुतेक कोरडे. तिसऱ्या दिवशी सांगता येत नाही. मीठ दमट." मला ते 'बहुतेक' खुपायचं. मी म्हणायची, लोकांना एक शब्द पाहिजे असतो, वाळवायचं की उचलायचं. अशाने कुणाचं समाधान होतं?

"मले जेवढं माहीत तेवढंच लिवतो."

"मग बाकीचं कोण लिहिणार?"

"बाकीचं देवाचं. देवाचं मी कायले लिवू?"

आणि तुम्ही कुणाच्या बापाला भ्यायचा नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. ते धान कापायच्या मशीनवाले आले होते, आठवतं? त्यांची गाडी चौकात उभी, ढगामुळे कुणी कापणीला बोलवेना. त्यातला एक तुमच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "चाचा, बस सूखा लिख दो. लोग तुम्हारी सुनते हैं." तुम्ही त्याचा हात खांद्यावरून उचलून त्याचा त्यालाच परत दिल्यासारखा खाली ठेवलात आणि म्हणालात, "मशीन तेरी, खडू मेरा." मी आत पोळ्या लाटत होते. त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला की पोळी तव्यावर जळून गेली, आणि तुम्ही वर मलाच बोल लावलात.

पण सगळ्यात मोठा होता तो तुमचा चुकीबद्दलचा नियम. अंदाज चुकला की लोक पुसून टाकतात, नवीन लिहितात. तुम्ही खालच्या कोपऱ्यात लिहायचात: "अंदाज चुकला. चूक माझी." आणि पुढचा अंदाज खरा ठरेपर्यंत ती ओळ पुसायची नाही. येणारा जाणारा वाचणार, एखादा चिडवणार, एखादा शिव्या देणार. तुम्ही कढईमागे शांत. मी एकदा म्हटलं, ही काय स्वतःची धिंड काढायची हौस? तुम्ही म्हणालात, "चूक पुसली का मानूस तिले लवकर भुलते बाई. आठ दिवस डोयासमोर राहिली का मंग हात आपोआप जपून चालते."

आता त्या दिवसाचं बोलते.

मोहफुलांचा शेवटचा बहर होता. तुम्हाला ताप होता, खाटेवरून उठवत नव्हतं. तुम्ही मला म्हणालात, "बाई, आज तू लिव." नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी मनात म्हटलं, आता दाखवते अंदाज कसा लिहितात ते. मोबाइलवर किनारपट्टीचा अंदाज पाहिला. त्यात स्पष्ट होतं की हवामान बहुतांशी कोरडं, पण आतल्या भागात तुरळक ठिकाणी पाऊस. ते 'तुरळक' मी सोडून दिलं. माझ्या मते ते तुमच्या 'बहुतेक'चंच भावंड होतं. तेवढ्यात रायपूरकडची एक गाडी थांबली. ड्रायव्हरने उतरून ताडपत्रीची एक बाजू सोडली, आणि घडीतून पाणी सांडलं. धुळीत चांगला ओघळ गेला. मी छपरीत खडू हातात घेऊन उभी होते. पाहिलं मी. मनात आलंही, जाऊन विचारावं, मीठ पाहावं. पण चारचौघांत ड्रायव्हरकडे मिठाचा डबा मागायची मला लाज वाटली, मामाजी. खरं कारण एवढंच आहे. मी स्वतःला समजावलं, गाडी धुतली असेल. आणि फळाभर मोठ्या अक्षरात लिहिलं: "तीन दिवस कोरडे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता आभाळ फाटलं.

संध्याकाळच्या आत भागरथाबाई आल्या. शेजारच्या गल्लीतल्या, एकट्या राहणाऱ्या, पहाटेपासून मोहफूल वेचून वेचून कंबर धनुष्य झालेल्या. त्यांनी टोपली फळ्यासमोर आदळली. आत सगळं फूल काळं, चिकट, आंबलेला वास सुटलेला. वर्षभराचा आधार होता तो त्यांचा. "काय लिवलं होतं जी फळ्यावर?" त्या ओरडल्या. "कोरडं लिवलं होतं न? हे कोरडं हाय काय?"

तुम्ही घोंगडी पांघरून बाहेर आलात. फळा वाचलात. एकदा माझ्याकडे पाहिलंत. मी मान खाली घालून कांदा चिरत राहिले. तुम्ही खडू घेतलात, माझं लिहिलेलं पुसलंत, आणि कोपऱ्यात ती ओळ लिहिलीत. मग भागरथाबाईंना हात जोडलेत. "चूक माझी होय, बाई."

रात्रीचं जेवण घेऊन आले तेव्हा तुम्ही एकच प्रश्न विचारलात. "ताडपत्री पाहिली होती काय, बाई?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि कूस बदललीत. त्यानंतर तुम्ही फळ्यापाशी आला नाहीत. ताप उतरला नाही, मग दवाखाना, मग ते सगळं. पंधरा दिवस मी तुमच्या उशापायथ्याशी होते आणि रोज मनात ठरवत होते, आज सांगते. तुमचे पाय चेपले, पेज भरवली, सगळं केलं. तेवढं एक वाक्य सोडून. मला माझी इतकी कीव कधी आली नव्हती आणि इतका रागही.

तेरवीनंतर चिरंजीवांनी ठरवलं, फळा आत आणायचा. तुमच्या फोटोखाली लावायचा, अक्षर तसंच ठेवून, वर काच बसवून. मला रोज ती ओळ दिसत होती: चूक माझी. काचेखाली जन्मभर दिसणार होती. माझं खोटं, तुमच्या अक्षरात, हार घालून.

त्यातच तेंदूपत्ता सुरू झाला. तीन दिवसांपूर्वी भागरथाबाई पुडे बांधायच्या दोऱ्या खांद्यावर टाकून आल्या आणि फळ्याकडे पाहून म्हणाल्या, "पत्ता वाळाले टाकून राहिले सारे. अंदाज काऊन नाही लिवला वं?"

"कोण लिहिणार, बाई?"

"तू लिव."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. चहा प्यायला माणसं बसली होती, हे गल्ल्यापाशी होते, मी सगळ्यांसमोर बोलून टाकलं. त्या दिवशीचा अंदाज मामाजींचा नव्हता, माझा होता. तुमचं फूल माझ्यामुळे सडलं.

भागरथाबाईंनी दोऱ्या दुसऱ्या खांद्यावर घेतल्या. "मग? माहीत हाय."

"कसं काय माहीत?"

"मले वाचता येत नाही, पर डोये त हायेत. तुझ्या मामाजीचं अक्षर लांब लांब, वाऱ्यानं झुकलेल्या धानावानी. त्या दिशीचं गोल गोल होतं, बुंदी पाडल्यावानी. साऱ्या गावाले दिसलं."

बाकावरचा एक जण चहात फुंकर मारत म्हणाला, "होय न. आमी तवाच म्हटलं, सुनेनं लिवलं." मामाजी, मी महिनाभर जे पोटात घेऊन फिरत होते ते अख्ख्या कोहमाऱ्याला ठाऊक होतं!

"मग तुम्ही त्यांच्यावर कायले ओरडलात?" माझ्याही तोंडून गावचीच भाषा निघाली.

"त्याच्यावर कोन ओरडलं? मी तुयावरच ओरडून राहिली होती. तो मधात आला." त्यांनी दोऱ्या बाकावर ठेवल्या. "दुसऱ्या दिशी मी त्याले पाहाले आली होती. तू पानी भराले गेली होती. मी म्हटलं, सुनेले काऊन झाकतेस बापा? त म्हणे, झाकून नाही राहिलो भागरथा. फळा माझा, खडू मी देला, त चूक बी माझीच. आन् म्हणे, आता तिले टोचून बोलाल त ते पुन्हा खडू धरनार नाही. मंग तुमाले मीठ कोन पाहून देईल?"

मी आत गेले आणि पिठाच्या डब्यावर डोकं टेकून रडले. दवाखान्यात रडले नव्हते इतकी.

म्हणजे तुम्ही माझी लाज राखत नव्हतात. लाज राखण्यासारखं काही उरलंच नव्हतं, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. तुम्ही खडू राखत होतात. स्वतः खाटेवर पडून, श्वास लागलेला असताना, पुढच्या वर्षीच्या मोहफुलांची सोय लावत होतात. इतका विचार मला सात जन्मांत सुचला नसता. तुमच्यासारखा माणूस मला सासरा म्हणून मिळाला, आणि मी नऊ वर्षं तुमच्या एका शब्दावरून तुमच्याशी वाद घातला.

थोड्या वेळाने रायपूरकडची गाडी आली. आपला नेहमीचा मिशीवाला ड्रायव्हर, दर महिन्याला पारादीपहून कोळसा आणणारा. उतरला आणि इकडेतिकडे पाहू लागला. "चाचा कहाँ हैं?"

"नहीं रहे," मी म्हटलं.

त्याने डोक्यावरचा गमछा काढला. मग गाडीत चढला आणि मिठाचा डबा घेऊन खाली आला. "हर बार माँगते थे," म्हणाला, आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरला. मी दोन बोटं घातली. मीठ दमट होतं, बोटांना लागलं. गाडीमागे जाऊन घडीत हात घातला, कोरडी होती. मोबाइलवरचा किनारपट्टीचा अंदाज 'तुरळक'सकट वाचला. आणि फळ्यावर लिहिलं, माझ्या बुंदीच्या अक्षरात: "दोन दिवस बहुतेक कोरडे. तिसऱ्या दिवशी दुपारनंतर सांगता येत नाही. मीठ दमट."

'बहुतेक' लिहिताना हात जरा अडखळला. तुम्ही पाहिलं असतंत तर आठ दिवस चिडवलं असतंत.

एवढं गावाला माहीत होतं, पण एक गोष्ट अजून कुणालाच माहीत नव्हती. बहुतेक तुम्हालाही नव्हती. ती मी तुमच्या ओळीखाली लिहिली: "त्या दिवशी ताडपत्री ओली होती. मी पाहिली होती. ललिता." ते वाचून हे माझ्याकडे बघतच राहिले. भागरथाबाईंनी शेजारच्याकडून वाचून घेतलं. चांगली सणसणीत शिवी दिली मला, आणि मग चहा मागितला.

दोन दिवस कोरडे गेले. काल, तिसऱ्या दिवशी, सकाळपासून उकडत होतं. भागरथाबाईंनी बारा वाजायच्या आत पुडे गोळा करून छपराखाली नेले, त्यांचं पाहून बाकीच्यांनीही नेले. चारच्या सुमाराला वारा सुटला आणि वीस मिनिटं टपोरा पाऊस पडला. जमीन भिजली, पत्ता नाही.

अंदाज खरा ठरला, म्हणजे चूक पुसायची. मी फडकं भिजवलं. हे पुढे आले, म्हणाले, "बाबांचं शेवटचं अक्षर आहे, ललिता. तेवढं राहू दे." त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मी थांबले. खरंच थांबले, मामाजी. माझाही हात उचलवत नव्हता. मग मला वाटलं, तुमचं अक्षर ठेवायचं तर दुसरं काहीही ठेवता आलं असतं, पण तुम्ही मागे ठेवलेली ओळ हीच, आणि ती पुसायची अट तुम्हीच घालून गेलेले. ती काचेखाली ठेवली तर फळा भिंतीवर जाईल आणि लोक मान वळवून पाहणं बंद करतील. मी आधी माझी ओळ पुसली. ती लगेच गेली. तुमची दोनदा पुसावी लागली, ताप असूनही तुम्ही खडू इतका दाबून लिहिला होतात.

ह्यांचा राग जाईल. तुमचेच आहेत, तोंडाळ आणि मऊ.

आज सकाळी पूर्वेकडून पहिली गाडी आली तेव्हा मी पोळ्या अर्ध्यावर टाकून रस्त्याकडे गेले. त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत, ताडपत्री पाहिली होती काय, बाई?

आज पाहिली, मामाजी. घडीत कोपरापर्यंत हात घालून पाहिली. कोरडी आहे.